भिंग बसवण्याआधी हाताचे अंतर मोजा

सोलापुरात कोणाच्या डोळ्यात भिंग बसवायचे ठरले की घरात पहिली चर्चा त्याच्या किमतीची होते आणि दुसरी ते भारतीय आहे की परदेशी याची. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधी विचारायचा एक प्रश्न बहुतेक घरांत राहून जातो, आणि तो राहिल्यामुळे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही नाराज झालेली माणसे मी पाहिली आहेत. दिवसातला जास्तीत जास्त वेळ आपली नजर किती अंतरावरच्या कामात गुंतलेली असते, हा तो प्रश्न. माझ्या आईने 35 वर्षे विड्या वळल्या आणि माझे मामा टेम्पो चालवतात. दोघांच्याही डोळ्यांतली भिंगे बदलली गेली. आईच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला, मामांच्या वेळी नाही. पुढचे लिखाण त्या दोन्ही अनुभवांतून आणि नंतर शेजारपाजारच्यांबरोबर दवाखान्यात बसून जे शिकलो त्यातून आलेले आहे. निर्णय अर्थातच तुमचे डोळे तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांबरोबर घ्यायचा आहे. त्या भेटीला तयारीने जाता यावे एवढाच याचा हेतू आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते

बाहुलीच्या मागे, एका अतिशय पातळ पारदर्शक पिशवीत, आपले नैसर्गिक भिंग असते. तरुणपणी ते लवचीक असते आणि जवळचे पाहताना आपला आकार बदलते. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होऊ लागते, म्हणून वाचायला चष्मा लागतो. पुढे तेच भिंग गढूळ झाले की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. शस्त्रक्रियेत पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी करून आतले भिंग काढतात, पिशवी जागेवरच ठेवतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग तिच्यात उलगडतात. फेको पद्धतीत बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, कडेला साधारण 2.2 ते 2.8 मिलिमीटरची चीर पुरते आणि ध्वनिलहरींनी भिंगाचे बारीक तुकडे करून ते शोषून घेतले जातात. हाताने करायच्या लहान छेदाच्या पद्धतीत चीर सुमारे 6 मिलिमीटरची असते. तीही बहुधा बिनटाक्याचीच असते, आणि फार पिकलेल्या मोतीबिंदूत अनुभवी सर्जनच्या हातून ती चांगला परिणाम देते. त्यामुळे फेको नाही म्हणजे दुय्यम उपचार, असे समजण्याचे कारण नाही.

हे भिंग किती वर्षे टिकते, असे आईने मला निदान चार वेळा विचारले होते. ते जन्मभर टिकते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या पारदर्शक छताचे ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळ्यांनी ते सहन केले, हे हॅरॉल्ड रिडली या इंग्लिश नेत्रशल्यविशारदांनी हेरले आणि 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. आजची घडीची भिंगेही बहुतांशी ॲक्रिलिकच्याच जातीची आहेत.

कोणी करावी आणि कोणी घाई करू नये

मोतीबिंदू असेल तर प्रश्न सोपा आहे. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर पसरू लागला, चष्मा बदलूनही स्पष्ट दिसेना, की शस्त्रक्रियेचा विचार करावा. 'अजून पिकू द्या' हा सल्ला आपल्याकडे आजही प्रेमाने दिला जातो, पण तो जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. पिकलेले भिंग कडक होते, ते फोडायला जास्त शक्ती लागते, बुबुळाला सूज येण्याची शक्यता वाढते आणि कधीकधी भिंग फुगून डोळ्यातला दाबही वाढतो. उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये, हीही तशीच समजूत. शस्त्रक्रिया कोणत्याही ऋतूत करता येते, मात्र आपल्या उन्हाळ्यात घाम डोळ्यात जाऊ न देण्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

भिंग स्वच्छ आहे आणि केवळ चष्मा घालवायचा आहे, तेव्हा मात्र थांबून विचार करावा. लग्न ठरवण्याआधी मुलीचा चष्मा घालवायचा म्हणून 24 वर्षांच्या मुलीला घेऊन आलेले पालक मी पाहिले आहेत. त्या वयात नैसर्गिक भिंग काढले तर जवळचे पाहण्यासाठी आकार बदलण्याची डोळ्याची क्षमता कायमची जाते, म्हणजे चोविसाव्या वर्षीच चाळिशी लागते. अशा वयात बुबुळ पुरेसे जाड असेल तर लेसरने त्याची गोलाई बदलणारे लेसिक, आणि नंबर फार मोठा असेल तर नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्यापुढे बसवायचे आयसीएल, या पर्यायांची चौकशी आधी करावी. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर, विशेषतः मोठा प्लस नंबर असलेल्यांना, भिंगबदल खरोखर उपयोगी पडतो. मोठ्या मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट आणि आतला पडदा (रेटिना) ताणलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासल्याशिवाय त्यांनी होकार देऊ नये.

शिंप्याची टेप घेऊन बसा

आता मुख्य गोष्ट. साधे, म्हणजे मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर नेमके दाखवते. ते अंतर दूरचेच असले पाहिजे असा नियम नाही. ते ठरवता येते, आणि ठरवायचे ते शस्त्रक्रियेच्या आधी.

आईच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला विचारले, "मावशी, विडी वळताना सूप कुठं धरता?" आईने टेबलावरचा फाइलचा पुठ्ठा उचलून मांडीवर ठेवला, मान थोडी खाली घातली आणि पान कातरल्यासारखी बोटे चालवली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यापासून बोटांपर्यंत टेप धरली. अंतर भरले 42 सेंटिमीटर. मग त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. शंभराला त्या अंतराने भागायचे, म्हणजे 100 भागिले 42, उत्तर जवळजवळ 2.4, डोळ्यात साधारण तेवढा मायनस नंबर मुद्दाम शिल्लक ठेवला तर सुपातले पान, तंबाखू आणि दोरा चष्म्याशिवाय स्पष्ट दिसेल, आणि दूरचे पाहायला चष्मा लागेल. आईचा नंबर आयुष्यभर मायनसच होता, ती चष्मा काढूनच विड्या वळायची. तिला दूरचे स्वच्छ करून दिले असते तर लांबून येणारी बस दिसली असती, पण मांडीवरचे सूप धूसर झाले असते. आज ती बसस्टॉपवर चष्मा लावते आणि घरात काढून ठेवते, आणि ही तडजोड तिने समजून घेतली असल्यामुळे तिची तक्रार नाही.

हा हिशेब घरीच करून जावा. पोथी किंवा वर्तमानपत्र आपण कुठे धरतो, मोबाइल कुठे धरतो, शिलाई मशिनची सुई डोळ्यापासून किती दूर असते, संगणक किती दूर असतो, हे नेहमीच्या जागेवर नेहमीसारखे बसून दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. 40 सेंटिमीटरला अडीच नंबर, 50 ला दोन, 67 च्या आसपास दीड. यंत्रमागावर काम करणाऱ्याची नजर हातभर अंतरावरच्या धाग्यांवर असते, वाचनाच्या अंतरावर नसते. त्याची गरज आईच्या गरजेपेक्षा वेगळी आहे. चादरीच्या दुकानात बसणाऱ्याला हिशेबाची वहीही हवी आणि गिऱ्हाइकाचा चेहराही हवा. अशांसाठी एका डोळ्यात दूरचे व दुसऱ्यात जवळचे ठेवण्याची पद्धत असते. ती सर्वांना मानवत नाही, म्हणून शक्य असेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसे जगून पाहावे.

महागडे भिंग म्हणजे योग्य भिंग नव्हे

मल्टिफोकल व ट्रायफोकल भिंगे येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांसाठी वाटून घेतात. त्यामुळे बऱ्याच लोकांची चष्म्यापासून मोठ्या प्रमाणात सुटका होते, हे खरे आहे. पण वाटलेल्या प्रकाशाची किंमत असते: रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि अंधूक उजेडात गडद-फिकटातला फरक कमी कळतो. ईडॉफ, म्हणजे स्पष्ट दिसण्याचा पल्ला लांबवणाऱ्या, प्रकारात वलये तुलनेने कमी असतात, मात्र बारीक अक्षरासाठी चष्मा लागण्याची शक्यता राहते. चष्म्यात सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर असेल तर तो भागवण्यासाठी टोरिक भिंग असते, आणि माझ्या मते पैसे थोडे जास्त खर्च करायचेच असतील तर नंबर पुरेसा मोठा असलेल्यांनी ते टोरिकवर खर्च करावेत.

मामा आठवड्यातून तीन-चार रात्री हैदराबाद रस्त्यावर टेम्पो नेतात. एका खासगी दवाखान्यात त्यांना 'सर्वांत वरचे' भिंग म्हणून मल्टिफोकल सुचवले गेले; त्यांनीही, डोळ्याच्या बाबतीत काटकसर नको म्हणून, उसने पैसे घेऊन ते बसवले. ते रात्री गाडी चालवतात हे त्यांना कोणी विचारले नाही आणि सांगायला हवे हे त्यांना माहीत नव्हते. पहिल्या महिन्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दिव्याभोवती त्यांना कडी दिसत होती. मेंदूला सवय होऊन काही महिन्यांत हा त्रास पुष्कळांचा कमी होतो, तसा त्यांचाही झाला, पण तोवर रात्रीच्या फेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. मला अजून त्याचे वाईट वाटते, कारण दोन वाक्यांच्या विचारपुशीत हे टळले असते. रात्री वाहन चालवणारे, मधुमेहाने पडद्यावर परिणाम झालेले आणि काचबिंदू असलेले यांनी मल्टिफोकलचा आग्रह धरू नये, आणि दुसऱ्याने धरला तर कारण विचारावे.

मोजमाप हीच अर्धी शस्त्रक्रिया

कोणत्या शक्तीचे भिंग बसवायचे हे बायोमेट्रीवरून ठरते. तीत डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजतात. सर्वसाधारण डोळा सुमारे 23.5 मिलिमीटर लांब असतो, आणि लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात सुमारे अडीचचा फरक पडतो. म्हणून ही तपासणी घाईत उरकू देऊ नये. ध्वनिलहरींच्या ए-स्कॅनमध्ये टोक बुबुळाला टेकवतात, ते जास्त दाबले गेले तर डोळा आखूड मोजला जातो. प्रकाशाने मोजणारे ऑप्टिकल यंत्र डोळ्याला शिवत नाही आणि अधिक नेमके असते, मात्र मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि ते यंत्र निरुपयोगी ठरते. पिकू न देण्याचे हे आणखी एक कारण.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजमापाच्या आधी निदान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स वापरणाऱ्यांनी त्याहून अधिक, डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बंद ठेवाव्यात, कारण लेन्समुळे बुबुळाची गोलाई तात्पुरती बदललेली असते. आपल्याकडची कोरडी हवा आणि कारखान्यांत उडणारे कापसाचे तंतू यांमुळे अनेकांचे डोळे कोरडे असतात. कोरड्या डोळ्याचे मोजमाप दर वेळी वेगळे येते. असे असेल तर आधी काही दिवस थेंब घालून डोळा सुधारू द्यावा आणि मग पुन्हा मोजावे. पूर्वी लेसिक झाले असेल तर ते न विसरता सांगावे आणि त्या वेळचे कागद शोधून न्यावेत, कारण नेहमीचे गणित तिथे चुकते.

डॉक्टरांपासून लपवू नयेत अशा आणखी काही गोष्टी आहेत. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांत शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही. गोळी बंद केली तरी हा परिणाम राहतो, म्हणून पूर्वी घेतली असेल तरी सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. डोळ्याच्या कोपऱ्यातून सतत पाणी किंवा पू येत असेल तर अश्रूची नळी तपासून त्यावर आधी उपचार व्हायला हवेत, नाहीतर तोच जंतुसंसर्ग डोळ्यात उतरू शकतो. दम लागत असेल, जुना खोकला असेल किंवा उताणे झोपता येत नसेल तर तेही आधी सांगावे. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसलेल्या बायकांना खोकल्याची इतकी सवय झालेली असते, की तो सांगण्यासारखा आजार आहे असे त्यांना वाटतच नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. आपल्याकडे लोक ज्याला सिव्हिल म्हणतात त्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या नेत्रविभागात त्याची चौकशी करावी. ही सोय मोतीबिंदूसाठी आहे, चष्मा घालवण्यासाठी नाही. आरोग्य विमा असेल तर मोतीबिंदूसाठी बहुधा 2 वर्षांचा प्रतीक्षाकाळ आणि दर डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते, आणि केवळ नंबर काढण्याचा खर्च, तो नंबर 7.5 पेक्षा कमी असेल तर, विमा कंपनी देत नाही. खासगी दवाखान्यात अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात भिंग, तपासण्या, औषधे व नंतरच्या भेटी धरल्या आहेत का, ते विचारावे.

त्या दिवशी

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करावी, तेल लावू नये, काजळ आणि सुरमा पूर्ण बंद ठेवावा. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यायची की नाही आणि मधुमेहाची किती घ्यायची, हे लिहूनच आणावे. बहुतेकांना थेंबांनीच डोळा बधिर करतात. माणूस जागा असतो, समोर तीव्र उजेड आणि त्यात हलणारे रंग दिसतात, थोडा दाब जाणवतो. सरळ शस्त्रक्रियेला 10 ते 20 मिनिटे लागतात. खोकला येईल असे वाटले तर डोके न हलवता तोंडाने सांगावे, म्हणजे सर्जन हात थांबवतात. कोणता डोळा, हे आत जाण्यापूर्वी आपणही एकदा मोठ्याने म्हणावे.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

इथे घरच्यांचे काम सुरू होते. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत, खालची पापणी किंचित खाली ओढून तिच्या आणि डोळ्याच्या मधल्या खोलगट जागेत एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला टेकू देऊ नये. दुसरा थेंब 5 मिनिटांनी टाकावा, नाहीतर पहिला वाहून जातो. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून ठेवला तर औषध घशात उतरत नाही. आईला वेळा लक्षात राहत नसत, म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला आणि थेंब टाकला की ती त्यावर रेघ ओढायची. तिला वाचता येत नाही, पण रेघा मोजता येतात.

आपल्या शहरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही आणि पिंपात साठवलेले पाणी वापरावे लागते. ते पाणी डोळ्यात जाता कामा नये. डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण दोन आठवडे, अंघोळ मानेखालून करावी आणि चेहरा ओल्या स्वच्छ कापडाने पुसावा. पाणी आले की भरलेली घागर उचलायला आपल्या बायका सवयीने पुढे होतात. तेवढे दिवस ते काम दुसऱ्याने करावे. चुलीचा धूर, पीठ चाळणे आणि शेंगांची चटणी कुटणे टाळावे. रात्री डोळ्यावर जाळीदार कवच लावून झोपावे, म्हणजे झोपेत डोळा चोळला जात नाही. विड्या, माग आणि शेतातली कामे पुन्हा कधी सुरू करायची हे विचारून ठरवावे. शस्त्रक्रिया जानेवारीत असेल तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी आणि धूळ लक्षात घेऊन तारीख पुढे-मागे करावी. टीव्ही पाहिल्याने मात्र काही बिघडत नाही, आणि पथ्य म्हणून वरण-भाकरी सोडण्याचीही गरज नाही.

स्टिरॉइडचे थेंब सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करत चार ते सहा आठवड्यांत थांबवतात. बरे वाटते म्हणून तीच बाटली औषधाच्या दुकानातून पुन्हा आणून वापरत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

किंचित खुपणे, थोडी लाली आणि उजेडाचा त्रास सुरुवातीला असतोच, पण तो रोज कमी व्हायला हवा. वेदना वाढू लागली, लाली वाढली, दिसत होते ते पुन्हा अंधूक झाले, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. तो फार थोड्यांना होतो, पण होतो तेव्हा तासांचा हिशेब असतो, म्हणून सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखान्यात जावे आणि त्यासाठी रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक घरी येण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. डोळ्यात वीज चमकल्यासारखी दिसणे, अचानक पुष्कळ काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे, ही डोळ्याचा पडदा सुटण्याची लक्षणे आहेत. ती महिन्यांनी किंवा वर्षांनी आली तरीही त्याच दिवशी दाखवावे.

चष्म्याचा अंतिम नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढावा. त्याआधी काढलेला बदलण्याची शक्यता असते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला, असे लोक म्हणतात, पण तो परत येत नाही. भिंगामागच्या पिशवीवर जाळी धरलेली असते आणि याग लेसरने काही मिनिटांत, कापाकापी न करता, तिच्यात खिडकी करता येते.

भिंगाच्या खोक्यात एक चिकटपट्टी असते, तिच्यावर कंपनी, प्रकार, शक्ती आणि क्रमांक छापलेला असतो. ती डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावी, आणि तिच्या शेजारी दोन आकडे लिहून घ्यावेत: शस्त्रक्रियेआधी किती नंबर शिल्लक ठेवायचे ठरले होते आणि दीड महिन्यानंतर प्रत्यक्षात किती राहिला. आईचे हे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत होते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरांनी आधी तेच मागितले, दोन आकड्यांतला फरक पाहिला, आणि त्यावरून दुसऱ्या भिंगाची शक्ती थोडी बदलली.